खेळणी कोण नेत होतं

मंदार,

तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल फारच गोड बोलायला लागलेत. समोरच्या काकू परवा म्हणाल्या, "किती शांत मुलगा होता हो तुमचा." मी मान डोलावली. रागाच्या भरात दार आपटून तू तुझ्या खोलीची कडी दोनदा तोडलीस आणि दोन्ही वेळा ती मीच बसवली, हे त्यांना कुठून माहीत असणार? गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मला ते जमणार नाही. तू होतास तेव्हा आपण भांडणाशिवाय फारसं काही बोललो नाही, मग आता एकदम गोड कुठून बोलू?

पण भांडायच्या आधी एक कबुली द्यायची आहे. ती तुझ्या तोंडावर द्यायला हवी होती. दीड वर्ष मी रोज जेवायला तुझ्यासमोर बसत होतो, कधीही देता आली असती. तुझी खेळणी मी नेत होतो. कल्याणच्या एसटी स्टँडवरचा कंडक्टर, ठाण्याच्या कोर्टाबाहेरचा वकील, कांदाबटाटा मार्केटातला पोत्यावर झोपलेला हमाल, सगळी. अकराच्या अकरा. कोणी अनोळखी रसिक वगैरे नव्हता रे. तुझा बाप होता.

पहिलं खेळणं घरी आलं तो रविवार मला आठवतो. तू डबा उघडलास आणि आतून एक पांढरंफटक, गोल पोटाचं, मोठ्या कानांचं काहीतरी बाहेर काढलंस. नाक नाही, डोळे नाहीत. तुझी आई म्हणाली, "अगंबाई, तोंड काढायला विसरले वाटतं." तू हसलास आणि सांगितलंस, ही विनाइलची खेळणी, मोठी माणसं ती जमवतात. अशी कोरीही मिळतात, ज्याने त्याने आपल्या मनासारखी रंगवायची. तुझ्या ऑफिसातल्या मित्राकडे म्हणे काचेचं कपाट भरून होती आणि निम्मी तर डब्यातून बाहेरच काढलेली नव्हती, डबा उघडला की भाव उतरतो म्हणून. "खेळणं घ्यायचं आणि उघडायचं नाही! काय अर्थ आहे, बाबा?" तू विचारलंस. मलाही त्यात काही अर्थ दिसला नाही. त्या एका गोष्टीवर आपलं एकमत झालं.

मग तू सांगितलंस की तुझी खेळणी तू रस्त्यावर ठेवणार. ज्या जागी ठेवायचं त्या जागेचं माणूस रंगवायचं, चिकटपट्टीचा एवढासा तुकडा लावून कठड्यावर नाहीतर विजेच्या डीपीवर बसवायचं, आणि निघून यायचं. नाव नाही, गाव नाही. तळपायावर बारीक अक्षरात फक्त दोन शब्द, "घरी न्या". ज्याला आवडेल त्याने उचलावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बघायला जायचास. जागा रिकामी दिसली की तुझं काम झालं.

मी काय बोललो ते तुला पाठ असेल. "तिशीचा घोडा झालास आणि बाहुल्या रंगवतोस." तू म्हणालास, "बाहुल्या नाही बाबा, फिगर." मी म्हटलं, "फिगर तर फिगर. मुलीकडचे आले की काय सांगायचं, मुलगा फिगर करतो?" तुझी आई हसली, तू नाही हसलास. मला वाटलं होतं तू हसशील.

आणि तरीही दोन दिवसांनी तू माझ्याकडेच आलास. कल्याणच्या रंगाच्या दुकानात मी तीस वर्षं काउंटरमागे उभा होतो, पण माझ्या कामातलं तू मला कधी काही विचारलं नव्हतंस. त्या दिवशी विचारलंस, "बाबा, याला कुठला रंग लावू?" मला किती बरं वाटलं ते मी दाखवलं नाही. चांगला ऑइलचा स्प्रे काढून दिला. लोखंडावर बसतो, लाकडावर बसतो, याच्यावर का नाही बसणार? चार दिवसांनी तू म्हणालास, "चिकट लागतंय अजून." मी म्हटलं, थर जाड मारलास. तू म्हणालास, पातळच मारलाय. मी म्हटलं, हवा दमट आहे, थांब. आठ दिवस थांबूनही बोट चिकटायचंच. तेव्हा मी अगदी तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं, आईची टाल्कम पावडर चोळ आणि वरून वॉर्निशचा हात मार. तू तसं केलंस. पुढच्या प्रत्येक खेळण्याला तसंच केलंस, कारण बाबांनी सांगितलं होतं. भांडखोर होतास, पण माझ्या रंगावर तुझा विश्वास होता.

पहिला कंडक्टर तू भरदुपारी ठेवलास, स्टँडच्या बुटक्या भिंतीवर, बरोबर आमच्या दुकानासमोर. मला दिसावं म्हणून मुद्दाम तिथे ठेवलास की सहज, ते मी विचारलं नाही. खाकी कपडे, गळ्यात तिकिटाचं मशीन, कानामागे पेन, आणि "सुट्टे द्या" असं आत्ताच कोणावर तरी खेकसून झाल्यासारखा चेहरा. दोन ठिपके आणि एका रेघेत तू तो आणला होतास. गिऱ्हाईक मला डिस्टेंपरची शेड विचारत होतं आणि माझं लक्ष रस्त्यापलीकडे. एक माणूस आला, खेळण्याशेजारी चहाचा ग्लास ठेवून बिडी पेटवली, चहा पिऊन निघून गेला. एका लहान मुलीने बोट लावलं तर तिची आई म्हणाली, "सोड ते, कोणाचं असेल." दोन खरे कंडक्टर तिथेच उभे राहून तंबाखू मळत होते, त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाच वाजले, सहा वाजले. माझ्या डोक्यात एकच, उद्या सकाळी तू येशील आणि हा इथेच बसलेला असेल.

दुकानातून निघाल्यावर मी रस्ता ओलांडला, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला उचलून डब्याच्या पिशवीत टाकलं. बोटांना रंग लागला तो थिनरने पुसला.

दुसऱ्या दिवशी दुकानात तुझा फोन आला. "बाबा, गेलं! नेलं कोणीतरी! कसलं भारी!" दहावीच्या निकालालाही तुझा असा आवाज लागला नव्हता. मी सांगणार होतो, खरंच सांगणार होतो. जीभ रेटली नाही. "बरं," म्हटलं, "गिऱ्हाईक आहे, ठेव." फोन ठेवला आणि तिथे उभ्याउभ्या मला हसू आलं. एवढ्याशा गोष्टीने मुलगा एवढा खूश होत असेल तर होऊ दे, असं वाटलं. माझी चूक सांगायची तर ती ही. एकदा करून थांबलो असतो तर चूकही म्हणता आली नसती.

पण मग दुसरं आलं, तिसरं आलं. तू जेवताना सांगायचास, आज अमुक ठिकाणी ठेवलं. मी आमटी ओरपत ऐकायचो आणि संध्याकाळच्या आत तिथे पोचायचो. नोकरीतून मोकळा झाल्यावर तर काय, वेळच वेळ होता. गुडघ्याचा डॉक्टर ठाण्याला आहे असं मी तुझ्या आईला सांगून ठेवलं होतं. बिचारीने माझ्या गुडघ्यासाठी संकष्टी धरली. गुडघा ठणठणीत होता, तिचा उपास मात्र खरा. आणि काय काय करत होतास रे तू! डोंबिवलीच्या पोळीभाजी केंद्रासमोरच्या बाईच्या एका खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि दुसऱ्या हातात रिकामा डबा. वकिलाच्या काळ्या कोटाला काखेत घामाचा डाग. तो डाग मला सिटी बसमध्ये दिसला आणि मी एकटाच हसलो, शेजारचा माणूस सरकून बसला. तलावपाळीच्या कठड्यावरचा म्हातारा तर बनियनवर, चष्मा कपाळावर चढवून शेंगदाणे खात बसलेला. तो मीच होतो. तुला वाटलं मला कळणार नाही.

मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून लॉफ्टवर, रंगाच्या जुन्या खोक्यात ठेवत गेलो. तुझ्याच पलंगावरचा लॉफ्ट. तू खाली झोपायचास आणि वर तुझी माणसं.

सहावं गेलं त्या आठवड्यात तू घोडबंदर रोडची नोकरी सोडून आलास. एसीतलं काम, शनिवार-रविवार सुट्टी, चार वर्षं झालेली. मी घर डोक्यावर घेतलं. तू शांतपणे म्हणालास, "बाबा, तुम्ही बघताय ना? एक पण उरत नाही. लोक घरी नेतायत. म्हणजे यात काहीतरी आहे." तुझी आई म्हणाली, "करू दे त्याला, त्याच्या हाताला यश आहे." मी नोकरीच्या, लग्नाच्या, म्हातारपणाच्या शंभर गोष्टी बोललो. ज्या एका गोष्टीने तू थांबला असतास ती सोडून सगळं बोललो. ती गोष्ट आता चेष्टा राहिली नव्हती. तोंडातून काढली असती तर तू माझं तोंड पुन्हा पाहिलं नसतंस, असं मला वाटायचं. भित्रा होतो मी, मंदार. दुसरा शब्द नाही.

पुढच्या पाचांच्या वेळी मी जायचो ते भीतीने. एखादं जागेवर राहिलं तर तुला संशय येईल म्हणून. कधीकधी तू ठेवून वळलास की तासाभरातच मी हजर. आता विचार येतो, मी कोणाला संधीच दिली नाही. एखादा माणूस संध्याकाळी कामावरून परतताना थांबला असता, एखाद्या मुलीने हट्ट केला असता. मी कोणाला पोचूच दिलं नाही. तुझ्या खेळण्यांचं रस्त्यावर काय झालं असतं हे तुला कळलं नाही आणि मलाही नाही.

मग तो रविवार, जेवणाचा. तू कुठूनतरी शिकून आला होतास की हे प्लास्टिक मऊ असतं, त्यातून तेलासारखं काहीतरी सुटत राहतं आणि त्यावर ऑइल पेंट जन्मात वाळत नाही. साबणाने धुवायचं आणि पाण्यातले रंग लावायचे. बारावं तू तसं केलं होतंस. "बोट लावा, बाबा. चिकटत नाही." मी बोट लावलं नाही. "तीस वर्षं रंग विकलाय मी." तू म्हणालास, "विकलाय ना. विनाइलला लावलाय का कधी?" मी वरण कालवत राहिलो.

तेवढ्यावर भागलं असतं. पण तू फोन काढून दाखवलास. पंधरा दिवसांपूर्वी तू त्यावर टाकलं होतंस, ज्यांनी माझी खेळणी नेली त्यांनी कळवा, रंग चिकटत असेल, घरी येऊन फुकट पुन्हा रंगवून देईन. खाली मित्रांचे चार अंगठे. बाकी काही नाही. "अकरा घरं आहेत, बाबा. अकरातल्या एकाने पण कळवू नये? असं कसं?" हे तू माझ्याकडे बघून विचारलंस, आरोप म्हणून नाही, खरंच विचारलंस. तुझा चेहरा पडलेला होता. तेव्हा हात धरून तुला खोलीत नेऊन लॉफ्ट दाखवायला किती वेळ लागला असता? त्याऐवजी मी ताटावरून उठलो आणि म्हणालो, "तुला रंगवता येत नाही म्हणून माझ्या रंगाला नावं ठेवू नकोस." यानंतर मी तुझ्याशी धड एक वाक्य बोललेलो नाही. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते आहे.

सोमवारी तू बारावं ठेवून आलास. मला सांगितलं नाहीस, आईला सांगितलंस, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. घोडबंदर रोडला, सर्व्हिस रोडच्या कडेला, बुटक्या कंपाउंडवर. ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस, डोक्यावर हेल्मेट आणि मांडीवर उघडलेला डबा. मी पेपर वाचत होतो. मनात म्हटलं, बसू दे तिथेच. मी काही आता जात नाही.

मंगळवारी तू आलास आणि चपला काढत म्हणालास, "आहे अजून." बुधवारी नुसतं "आहे" म्हणालास आणि न जेवता झोपलास. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण अजून एक होतं, तेही आज लिहून टाकतो. मला थोडं बरंही वाटलं. वाटलं, चार दिवस तसंच पडून राहू दे, याचं डोकं ठिकाणावर येईल, जुन्या साहेबाला फोन करेल, परत नोकरीला लागेल. आपोआप सुटेल सगळं आणि मला काही सांगावंही लागणार नाही. गुरुवारी सकाळी तू पुन्हा बघायला निघालास. स्कूटर चालू होत नव्हती, तू पाच-सहा किका मारल्यास. मी गॅलरीत होतो. खाली आवाज दिला नाही.

डंपर होता. फोन तुझ्या आईने घेतला.

मी दरवेळेसारखा सोमवारी संध्याकाळी जाऊन ते खेळणं उचलून आणलं असतं, तर मंगळवारी तू "गेलं!" म्हणून नाचत आला असतास आणि गुरुवारी त्या रस्त्यावर तुझं काही काम नसतं. मी हे उलटसुलट करून पाहिलं. ते बदलत नाही. नातेवाईक म्हणतात, तेवढंच आयुष्य होतं.

तेराव्याचं जेवण झालं, माणसं पांगली. दुसऱ्या दिवशी मी स्टूल घेऊन लॉफ्टवरचं खोकं खाली काढलं. ती खेळणी तुझ्या फोटोपुढे मांडावीत असं डोक्यात होतं. एक पुडकं उघडायला गेलो तर कागद सुटेना. ओढला तर चर्र आवाज झाला आणि कंडक्टरचा चेहरा कागदाबरोबर निघून आला. दोन ठिपके आणि ती रेघ, सगळं कागदावर. पोटावर कुठल्यातरी जुन्या बातमीची उलटी अक्षरं उमटलेली. दुसरं उघडलं, तेच. हळू सोडवलं, पाणी लावलं, गरम वाफ दिली. वकिलाचा कोट निघाला, पोळीभाजीवाल्या बाईचे डोळे निघाले. माझा रंग दीड वर्षात वाळला नव्हता. तुझं बरोबर होतं आणि माझं चूक होतं, हे मी आता म्हणतोय. तेव्हा नुसतं बोट लावायचं होतं.

तुझी आई दारात उभी होती. तिला सगळं सांगावं लागलं. ती खाली बसून एकेक खेळणं हातात घेऊन बघत राहिली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना म्हणाली, "तुम्ही रुसला होतात तर मला सांगायचं होतं. सोमवारी मी जाऊन आणलं असतं ते." एवढंच म्हणाली आणि दोन कपांत चहा गाळला.

त्याच सकाळी मी निघालो. बारावं खेळणं तिथे असेल का, असलं तर काय करायचं, काही ठरवलं नव्हतं. तुझ्या हाताचं शेवटचं काम आहे, एवढंच. दोन बस बदलून पोचलो. कंपाउंड सापडायला वेळ लागला नाही, कारण लांबूनच झेंडू दिसला. खेळण्याला हार घातला होता. हेल्मेटवर हळदकुंकू, पुढे उदबत्तीची राख, आणि त्याच्या मांडीवरच्या डब्यात, तू रंगवलेल्या त्या भाजीपोळीवर, कोणीतरी साखरेचे दाणे ठेवलेले. मी हात पुढे केला तशी मागून हाक आली.

"हात नको लावू काका. देवाचं हाय ते."

काकड्या-पेरूची पाटी घेऊन बसलेली बाई होती, मागच्या गावातली, माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असेल. मी विचारलं, कोणी ठेवलं? ती म्हणाली, "ठेवलंन त्या पोराने. फुलं मी घालते." मग तिने आपणहून सांगितलं. "पोरगा यायचा स्कूटरवरनं. लांब उभा राहून बघायचा न् जायचा. तिसऱ्या दिवशी जवल आला, बोलला, मावशी, कोन बघतं का याच्याकडं? मी बोलली, नाय रे बाबा, कोनाला टाइम हाय. हसला नुसता. एक पेरू घेतलान. तसाच निघाला न् तिथं वलनावर..." तिने वळणाकडे बोट केलं आणि हात खाली घेतला. "बघतात रे, असं बोलली असती तर माझं काय जानार होतं? तोंडातनं गेलं ते गेलं. तवापासून मी रोज फूल घालते."

मंदार, मला वाटलं होतं हे ओझं वाहणारा मी एकटाच आहे. ती बाई एका वाक्यासाठी रोज हार करत होती. मी म्हटलं, "तुमची काही चूक नाही, बाई. तो माझा मुलगा." तिने पदर तोंडाला लावला. मागे गाड्यांचे हॉर्न चालू होते.

मग मी तिला सांगितलं, हा देव नाही, खेळणं आहे. लोकांनी घरी न्यावं म्हणून तो रस्त्यावर ठेवायचा. तुम्ही एवढं केलंत, तुम्हीच न्या. मनापासून सांगितलं. मला वाटलं, एक तरी कोणीतरी नेलं असं होईल. तिने पटकन मान हलवली. "नको काका. रागवू नको. मेलेल्या मानसाची वस्तू घरात कशी नेऊ? माझी सून बालंतीन हाय." तिचं काही चुकलं नाही. कोणीच नेलं नसतं. तिने हार काढला, पदर ओला करून हेल्मेटवरचं कुंकू पुसलं, साखर झटकली आणि दोन्ही हातांनी खेळणं माझ्यापुढे धरलं. म्हणजे बारावंही मीच नेलं.

दीड वर्ष मी स्वतःला सांगत आलो की तुझी दया येते म्हणून नेतो, मग सांगत आलो की भीतीने नेतो. दोन्ही खरं होतं. पण लॉफ्टवर ठेवण्याआधी मी प्रत्येक खेळणं बाथरूमची कडी लावून, बादलीवर बसून, उलटंसुलटं करून बघत असे. तुझी आई बाहेरून विचारायची, एवढा वेळ काय करताय? मला ती फार आवडायची रे. तुझ्या हातात जे होतं ते माझ्या घरात कोणाच्या हातात नव्हतं. हे मी तुला एकदाही म्हटलं नाही, "बाहुल्या" म्हणत राहिलो.

पिशवी मी नेलीच नव्हती. परतताना बसमध्ये खिडकीशी बसलो आणि त्याला मांडीवर उभं केलं. लोक बघत होते. शेजारी तुझ्याच वयाचा एक मुलगा होता, ऑफिसचं कार्ड गळ्यात. थोडा वेळ तो खेळण्याकडे बघत राहिला, मग हसून म्हणाला, "मस्त आहे. नातवासाठी का, काका?"

"नाही," मी म्हटलं. "माझं आहे."